वाचकांचे प्रश्न : बेरोजगारी विम्याच्या कार्यालयाशी फोनवर बोलताना

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहते. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. एका लहान कंपनीच्या हिशेब विभागात सहा वर्षे काम केल्यानंतर कंपनीने माणसे कमी केली आणि त्यात माझी नोकरी गेली. मी राज्याच्या ईडीडीकडे (रोजगार विभागाकडे) बेरोजगारी भत्त्यासाठी क्लेम केला, तो मंजूर झाला आणि काही आठवडे पैसेही मिळाले. तेवढ्यात साताऱ्यात आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मी एका शनिवारी रात्री निघाले आणि दोन आठवड्यांनी रविवारी परत आले. त्या दोन आठवड्यांचे सर्टिफिकेशन (भत्ता चालू राहण्यासाठी दर दोन आठवड्यांनी भरायचा प्रश्नांचा अर्ज) परत आल्यावर, मुदतीच्या आत भरले. ‘आजारपण किंवा दुखापत सोडून अन्य कोणत्या कारणाने आपण पूर्णवेळ काम स्वीकारू शकला नसता का?’ अशा अर्थाचा प्रश्न होता, त्याला मी ‘हो’ असे उत्तर देऊन कारण लिहिले. आता टेलिफोनवरील मुलाखतीची नोटीस आली आहे. मला इंग्रजी वाचता-लिहिता येते, पण फोनवर अनोळखी माणूस भरभर बोलू लागला की मी गोंधळते. माझ्याऐवजी मुलगी बोलली तर चालेल का? भारतात गेले होते हे सांगितल्याने सगळा क्लेमच रद्द होईल का? आणि एक मनातली गोष्ट लिहिते : सरकारकडून फुकटचे पैसे घेत आहोत असे वाटून हा फोन घेण्याचीही लाज वाटते.

उत्तर : आपण शेवटी लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती लाज मनात असेल तर फोनवरचा आवाज दबतो, आणि दबलेल्या आवाजात माणूस नको तिथे ‘सॉरी’ म्हणतो व जे सांगायला हवे ते सांगायचे राहून जाते. हा भत्ता म्हणजे दान नव्हे, तो विमा आहे. अमेरिकेत असा पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये केला आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानंतर ही व्यवस्था देशभर उभी राहिली. कॅलिफोर्नियात मालक प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पगारातील पहिल्या ७,००० डॉलरवर या विम्यासाठी कर भरतो. आपल्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) एसडीआय नावाची जी कपात दिसते ती आजारपणाच्या विम्याची असते, बेरोजगारीच्या नव्हे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत मात्र कर्मचाऱ्याच्या पगारातूनही बेरोजगारी विम्याचा वाटा कापला जातो. आपण सहा वर्षे काम केले, त्या कामापोटी आपल्या नावावर हप्ते भरले गेले. म्हणूनच क्लेमच्या अर्जात यजमानांचा पगार किती, घर स्वतःचे आहे का, बँकेत किती शिल्लक आहे, असे काहीही विचारलेले नसते. विचारला जातो तो केवळ आपल्या स्वतःच्या पूर्वीच्या पगाराचा हिशेब. ग्रीन कार्डवरील अनेक वाचकांना अशीही भीती असते की पुढे नागरिकत्वाच्या वेळी ‘सरकारवर भार’ असा ठपका येईल. असा भार (‘पब्लिक चार्ज’) कशाला म्हणायचे हे ठरवणारे इमिग्रेशनचे १९९९ चे मार्गदर्शन, २०१९ चा नियम आणि २०२२ चा नियम, या तिन्हींत बेरोजगारी विमा हा नोकरी करून कमावलेला लाभ असल्यामुळे त्या भारात मोजलेला नाही.

आता आपल्या दोन आठवड्यांविषयी. कॅलिफोर्नियात भत्ता मिळण्यासाठी त्या त्या आठवड्यात माणूस काम करण्यास सक्षम असावा, काम मिळाल्यास ते स्वीकारण्यास उपलब्ध असावा आणि काम शोधत असावा, अशी अट आहे. साताऱ्यात आईच्या उशाशी बसलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीमाँटमध्ये कामावर हजर होऊ शकत नाही, म्हणून ते दोन आठवडे आपल्याला मिळणार नाहीत, असेच धरून चालावे. शस्त्रक्रियेचे कारण कितीही खरे आणि गंभीर असले तरी प्रश्न कारणाचा नसून उपलब्धतेचा आहे. परंतु त्यामुळे सगळा क्लेम रद्द होत नाही. मंजुरीच्या वेळी आपल्याला एकूण लाभाची एक कमाल रक्कम कळवलेली असते, ती जास्तीत जास्त २६ आठवड्यांच्या भत्त्याइतकी असते. ज्या आठवड्यांचे पैसे दिले गेले नाहीत त्यांची रक्कम त्यातून वजा होत नाही. क्लेमचे वर्ष ५२ आठवड्यांचे असते आणि त्या मुदतीत आपण बेरोजगार राहिलात तर ती रक्कम पुढे वापरता येते. राज्यात आठवड्याचा कमाल भत्ता ४५० डॉलर आहे (२००५ पासून तो वाढलेला नाही, आणि आपल्या महागड्या बे एरियातील घरभाडे भरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक आहे). न मिळालेली रक्कम पुढे वापरता येत असल्याने आपले नुकसान झाले तर ते त्या दोन आठवड्यांच्या विलंबाचे आहे.

आपण ‘हो’ असे उत्तर दिलेत, हे योग्यच केलेत. कोणी नातेवाईक किंवा मैत्रिणी आता असे सुचवतील की लॅपटॉप बरोबर होता, तिथून अर्ज करत होते असे सांगून टाक. खरोखर अर्ज केले असतील तर जरूर सांगावे, पण त्यामुळे आपण येथे उपलब्ध होता असे होत नाही. खोटी माहिती देऊन घेतलेली रक्कम पुढे परत मागितली गेली तर कॅलिफोर्नियात तिच्यावर ३० टक्के दंड लागतो आणि त्याशिवाय पुढचे काही आठवडे भत्ता बंद होऊ शकतो. आपले पैसे अजून दिलेलेच नसल्याने परतफेडीचा प्रश्नही उद्भवलेला नाही. आपली बाजू स्वच्छ आहे, आणि मुलाखतीला जाताना हे मनात पक्के असू द्यावे.

या मुलाखतीत सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळे जण गेलेल्या आठवड्यांचे समर्थन करण्यात वेळ घालवतात, पण अधिकाऱ्याला त्याहून अधिक ठरवायचे असते ते हे की ही अडचण संपली आहे का, आणि संपली असेल तर कोणत्या तारखेला. आईची शुश्रूषा अजून आपल्यावरच आहे, कदाचित पुन्हा जावे लागेल, असा समज झाला तर उपलब्ध नसल्याचा निर्णय त्या दोन आठवड्यांपुरता न राहता पुढेही चालू राहू शकतो. म्हणून आपण स्वतःहून सांगावे की मी अमुक तारखेच्या रविवारी परत आले, त्या दिवसापासून पूर्णवेळ काम स्वीकारण्यास तयार आहे, आणि आईची काळजी घेण्यासाठी साताऱ्यात भाऊ, वहिनी किंवा जे कोणी असतील ते आहेत. अर्थात हे खरे असेल तरच सांगावे. आल्यापासून कोणत्या ठिकाणी अर्ज केले त्यांची तारखांसह यादी समोर ठेवावी.

भाषेविषयी आपण लिहिलेत ते मी अनेकांकडून ऐकले आहे. मुलीने आपल्याऐवजी बोलणे चालणार नाही. क्लेम आपला आहे, माहिती गोपनीय आहे आणि अधिकाऱ्याला उत्तरे आपल्या तोंडून हवी असतात. मुलगी शेजारी बसून धीर देऊ शकते. मात्र दुभाषी मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि त्यासाठी एक सेंटही द्यावा लागत नाही. फोनवरील दुभाषी सेवा अनेक भारतीय भाषांत मिळते, म्हणून आधी मराठी मागावी आणि मराठी जाणणारा त्या वेळी उपलब्ध नसेल तर हिंदी चालेल का ते आपणच ठरवावे. नोटीस हाती आल्यावर लगेच कार्यालयाला तसे कळवावे, आणि फोन आल्यावर नाव सांगून झाल्याबरोबर पहिले वाक्य ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ हे म्हणावे. इंग्रजी थोडेफार येते म्हणून दुभाषी मागणे कमीपणाचे वाटते, असे सांगणारे पदवीधर मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की इंग्रजीत ईमेल लिहिता येणे वेगळे आणि अनोळखी अधिकाऱ्यासमोर आपल्या हक्काचे पैसे ठरत असताना इंग्रजीत उत्तर देणे वेगळे. मुलीपेक्षा तिऱ्हाईत दुभाषी बरा, असे माझे मत आहे, कारण मूल आईला वाचवण्यासाठी वाक्यात पदरचे काही घालते किंवा काही गाळते, आणि दोन्हींनी घोटाळा होतो.

दुभाषी असला तरी मराठी माणसाच्या बोलण्यातील काही सवयी अशा फोनवर अडचणीच्या ठरतात, त्यांचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. समोरचा बोलत असताना आपण मध्ये मध्ये ‘हो, हो’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘ऐकते आहे’ एवढाच असतो. इंग्रजीत बोलताना त्याचे ‘यस, यस’ होते आणि अधिकारी ते उत्तर म्हणून लिहून घेऊ शकतो. प्रश्न पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे. नकारार्थी प्रश्नांचे तर आपल्याकडे उलटेच आहे. ‘तुम्ही त्या आठवड्यात काम शोधले नाही का?’ असे विचारले तर मराठीत ‘हो, शोधले नाही’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘यस’चा अर्थ शोधले असा घेतला जातो. अशा वेळी हो किंवा नाही यावर न थांबता पूर्ण वाक्य बोलावे : ‘आय लुक्ड फॉर वर्क’ किंवा ‘आय डिड नॉट लुक फॉर वर्क’. तारीख सांगताना आकड्यांत सांगू नये. आपल्या डोक्यात दिवस आधी येतो, येथे महिना आधी, आणि ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावरून दोन वेगळे आठवडे होतात. महिन्याचे नाव घ्यावे.

याहून धोकादायक शब्द ‘सोडली’ हा आहे. नोकरीवरून काढले हे सांगणे आपल्याला अपमानाचे वाटते, म्हणून मराठीत आपण ‘ती नोकरी सोडली’ असे मोघम म्हणतो आणि इंग्रजीत ‘आय लेफ्ट द जॉब’. बेरोजगारी विम्याच्या दृष्टीने स्वतःहून राजीनामा देणे आणि कंपनीने माणसे कमी केल्यामुळे नोकरी जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाकारला जातो. आपली मुलाखत या विषयावर नसली तरी शेवटच्या नोकरीचा प्रश्न ओघात येऊ शकतो. तेव्हा ‘आय वॉज लेड ऑफ’ एवढेच तीन-चार शब्दांचे उत्तर द्यावे आणि कंपनीच्या पत्रात जे कारण दिले असेल तेच कारण सांगावे.

नोटिशीत दिवस आणि वेळ दिलेली असते. त्या दिवशी फोनमधील अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय बंद ठेवावी, व्हॉइसमेलची पेटी रिकामी करावी आणि नोटिशीवर छापलेला आपला फोन नंबर बरोबर आहे ना हे आजच पाहून घ्यावे, कारण भारतात जाताना अनेक जण नंबर बदलतात किंवा फोनची योजना थांबवतात. फोन घेतला गेला नाही तर कार्यालय हाती असलेल्या माहितीवर निर्णय देते. आणि आपल्या बाबतीत हाती असलेली माहिती म्हणजे ‘उपलब्ध नव्हते’ एवढीच आहे, ‘आता उपलब्ध आहे’ हे कोठेही लिहिलेले नाही. मुलाखत झाल्यावर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत. निर्णय येईपर्यंत पुढच्या प्रत्येक दोन आठवड्यांचे सर्टिफिकेशन वेळेवर भरत राहावे. प्रकरण लटकले आहे म्हणून सर्टिफिकेशन थांबवणे ही मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

आपण स्वतः कार्यालयाला फोन करणार असाल तर ईडीडीची फोनसेवा सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत असते. दहा आकडी ग्राहक क्रमांक, सोशल सिक्युरिटी क्रमांक, शेवटच्या कंपनीचे नाव पे-स्टबवर जसे आहे तसे, कामाचा शेवटचा दिवस आणि ती नोटीस, एवढे टेबलावर मांडूनच नंबर फिरवावा. सोमवारी सकाळी शक्यतो करू नये. लाइन व्यस्त मिळाली तर ती आपल्यावरची नाराजी समजू नये. महासाथीच्या काळात, मार्च २०२० नंतर, देशभरात एका आठवड्यात ६० लाखांहून अधिक नवे क्लेम आले होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरच्या अहवालात त्या सुरुवातीच्या काळात आलेल्या कॉलपैकी एक टक्क्याहूनही कमी कॉलना उत्तर मिळाल्याचे नोंदले आहे. तेव्हाची स्थिती आज नाही, पण वाट पाहण्याची तयारी ठेवावी आणि जे ऑनलाइन खात्यातून संदेश पाठवून विचारता येईल ते तसे विचारावे, म्हणजे लेखी नोंदही राहते. अनेक आठवडे काहीच हलले नाही तर आपल्या भागाच्या स्टेट असेंब्ली सदस्याच्या कार्यालयाला कळवावे. मतदारसंघातील रहिवाशांची अशी अडकलेली प्रकरणे विभागाकडे मांडणे हे त्या कार्यालयाचे नेहमीचे काम आहे आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

निर्णय टपालाने येईल. तो केवळ त्या दोन आठवड्यांपुरता असेल तर अपील करण्यात शक्ती घालवू नये, असे मला वाटते. परतल्यानंतरचे आठवडेही त्यात नाकारलेले असतील तर मात्र अवश्य अपील करावे. त्यासाठी निर्णयाची नोटीस टपालात टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत असते. अपिलाची सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशासमोर होते, बहुधा फोनवरच, आणि तेथेही दुभाषी विनामूल्य मिळतो.

प्रश्न : माझ्या यजमानांची एच-१बी व्हिसावरील (कंपनीने मिळवून दिलेल्या कामाच्या व्हिसावरील) नोकरी गेली आहे. त्यांनी राज्याच्या बेरोजगारी कार्यालयाला फोन करावा का? मी एच-४ ईएडीवर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या काम-परवान्यावर) नोकरी करते. माझीही नोकरी गेली तर?

उत्तर : त्यांच्या बाबतीत फोनपेक्षा दिनदर्शिका आधी पाहावी. एच-१बीवरील नोकरी संपल्यावर येथे राहण्यासाठी सलग ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते, आणि आय-९४ ची (देशात किती काळ राहता येईल याच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तितकेच दिवस. या दिवसांत नवी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल होणे किंवा इमिग्रेशन वकिलाच्या सल्ल्याने व्हिसाची दुसरी स्थिती मिळवण्याचा अर्ज करणे, हे पहिले काम. बेरोजगारी भत्त्यासाठी माणूस काम स्वीकारण्यास कायदेशीररीत्या मोकळा असावा लागतो, आणि एच-१बीची परवानगी एका मालकाशी बांधलेली असल्याने असे क्लेम बहुधा नाकारले जातात. विचारणे हा गुन्हा नाही, परंतु अर्जात व्हिसाची स्थिती जशी आहे तशीच लिहावी आणि त्या पैशांवर घरखर्चाचे गणित मांडू नये. आपल्या ईएडीवर मालकाचे बंधन नाही, त्यामुळे ती वैध असेतोवर आपण क्लेम करू शकता. मात्र एच-४ ही स्थिती यजमानांच्या एच-१बीवर टेकलेली आहे, म्हणून वकिलाला दोघांची कागदपत्रे एकत्र दाखवावीत.

प्रश्न : ‘बेरोजगारी कार्यालयातून बोलतो आहे, तुमचा क्लेम अडकला आहे, मोबाइलवर आलेला कोड सांगा’ असा फोन आला. आवाज अगदी सरकारी वाटला. काय करावे?

उत्तर : कोड सांगू नये आणि फोन ठेवावा. तो कोड म्हणजे आपल्या खात्याची किल्ली असते. ती हाती आली की समोरचा माणूस पैसे जमा होण्याचे बँक खातेच बदलू शकतो. आपल्या मूळ नोटिशीवर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारावे. गुगलवर शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवू नये, कारण तेथेही पैसे घेऊन ‘मदत’ करणारे खासगी लोक सरकारी नावाचा भास निर्माण करून बसलेले असतात. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे का ते पाहावे. क्लेम करण्यासाठी, तो लवकर पुढे सरकवण्यासाठी किंवा मुलाखतीसाठी कोणतेही राज्य शुल्क घेत नाही. खरा मुलाखतीचा फोनही ओळख पटवण्यासाठी काही प्रश्न विचारतो, त्यामुळे लोक गोंधळतात. त्याची वेळ आधी नोटिशीने कळवलेली असते. तशी नोटीस आपल्याकडे नसेल तर ‘मी आपल्या कार्यालयाच्या छापील नंबरवर फोन करते’ असे सांगून संभाषण थांबवण्यात काहीही उद्धटपणा नाही. कोड आधीच सांगितला गेला असेल तर आजच खात्याचा पासवर्ड बदलावा, पैसे जमा होण्याच्या जागी आपलाच खाते क्रमांक आहे ना ते तपासावे आणि कार्यालयाच्या फसवणूक विभागाला कळवावे.